दुसरा डोळा कोण आखणार?

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो. माझ्या टोकाला आता मोजून अकरा केस उरले आहेत आणि ते सगळे थोडे डावीकडे वाकलेले आहेत. हा वाक जन्माचा नाही. तो कसा आला, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

पेणजवळच्या हमरापूर गावात एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी तयार झालो. मला बनवलं बाबाजींनी. ते गणपतीच्या मूर्ती घडवत. त्यांच्या गोठ्यात तेव्हा एक वासरू होतं. वासराच्या कानात आतल्या बाजूला बारीक, लांब केस असतात आणि ते टोकाकडे निमुळते होत जातात. बाबाजींनी वासराला गूळ चारत चारत त्यातले थोडे केस मुळाशी कापून घेतले. टोकांना कात्री लावली नाही, कारण कापलेलं टोक बोथट होतं. मग ते केस सारखे जुळवून कोंबड्याच्या पिसाच्या पोकळ देठात ओवले, लाल दोऱ्याने आवळले आणि तो देठ बांबूच्या काडीवर बसवला. वासरू कान झटकून निघून गेलं. माझं मूळ असं कानातलं आहे. म्हणून मला बघण्यापेक्षा ऐकणं जास्त जमतं, असं मी समजतो.

कारखान्यात इतर कुंचले पुष्कळ होते. जाडे कुंचले अंगाला रंग देत, मधले पितांबर आणि मुकुट रंगवत. मी फक्त डोळ्यांचा होतो. मूर्ती वाळली, पांढरी झाली, अंगाचा रंग चढला, दागिने झाले, की सर्वांत शेवटी माझी पाळी यायची. या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. वरच्या पापणीची रेघ, खालच्या पापणीची रेघ, बुबुळ, आणि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका, मोहरीपेक्षाही लहान. बाबाजी रेघ ओढताना श्वास घेत नसत. पूर्ण श्वास सोडायचा, आणि पुढचा घेण्याआधी जो थोडा वेळ शरीर अगदी स्थिर असतं, तेवढ्यात रेघ संपवायची.

आणखी एक गोष्ट ते करत. घरी गणपती पाटावर बसतो आणि लहान मुलं समोर जमिनीवर बसतात. त्याची नजर त्या मुलांच्या तोंडावर यायला हवी, असा बाबाजींचा नियम होता. म्हणून डोळे आखताना मूर्तीपासून तीन हातांवर ते एखाद्या मुलाला मांडी घालून बसवत. माझ्या आधीच्या काळात त्यांचा मुलगा कमळाकर बसायचा. तो मोठा झाला, माती आणि साचे बघू लागला. पुढे त्याची मुलगी मालू बसू लागली.

"बघतोय का गो?" बाबाजी विचारत.

"नाय. माझ्या डोक्यावरनं बघतोय."

"आता?"

मालू मान तिरकी करून नीट बघायची. "आता बघतोय. खाऊ मागतोय."

"तुझ्याकडं? मग दे की त्याला." असं म्हणून बाबाजी हसत, आणि पांढरा ठिपका देऊन मला पाण्यात बुडवत. लगेच बाहेर काढत, फडक्याने टिपत, ओठांत धरून माझं टोक जुळवत आणि आडवं ठेवत. तेरा वर्षांत एकदाही त्यांनी मला पाण्याच्या वाटीत उभं सोडलं नाही. तसंच, एक डोळा आखून दुसरा कधी उद्यावर ठेवला नाही. जोडी अर्धी ठेवायची नाही, हाही त्यांचा नियम होता.

आता मालूच्या कवितेविषयी सांगतो.

एकाहत्तर साली मालू चौथीत होती. तिच्या शाळेतल्या म्हात्रे बाईंनी मुलांसाठी एक कविता लिहिली होती. श्रावणात रोह्याला कविता म्हणण्याची स्पर्धा होती आणि तिथे ती मालूने म्हणायची होती. मालू रोज शाळेतून आली की कारखान्यात येऊन कविता म्हणायची. फळ्यांवर ओळीने मूर्ती मांडलेल्या असत, अजून डोळे न आखलेल्या. त्यांच्यासमोर तिला लाज वाटत नसे. "ह्यांना मी दिसत नाय," ती म्हणायची, "पण ऐकायला येतंय. कान बघा केवढे, सुपाएवढे!"

कविता अशी होती:

सांग ना गं आई, आजी कुठे गेली?
कुठल्या गं चांदणीच्या घरी राहिली?
खिडकीशी ठेवते मी दुधाची वाटी,
उतरेल ना गं आजी माझ्यासाठी?

पहिल्या ओळीला डोळे मोठे करायचे, दुसऱ्या ओळीला बोट वर करायचं, आणि शेवटच्या ओळीला आवाज थोडा कापवायचा, असं बाईंनी शिकवलं होतं. मालूला ते छान जमायचं. माती चाळायला येणाऱ्या बायजाबाई चाळण खाली ठेवून पदराने डोळे पुसत. मालूची आई शांती म्हणायची, "पुरे गो, कापऱ्या आवाजानं काळीज हलतं." गावात ज्याने ऐकली, तो हळवा झाला.

बाबाजींनी मात्र कविता पूर्ण ऐकली आणि ते हसले.

"झकास म्हटलीस. पण पोर आसं नाय विचारत."

"मग कसं विचारतं?" मालूने जरा रागानेच विचारलं.

"तुझी आजी गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. सगळी बसली रडत. तू आलीस नि विचारलंस, आजीची पानाची चंची आता कोण घेणार? तुझ्या बापानं डोळे वटारले. मी म्हटलं, घे तू."

"मग मी घेतली?"

"घेतलीस तर! महिनाभर त्यात शेंगदाणे भरून फिरत व्हतीस."

मालू हसली आणि कविता पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. रोह्याला बाबाजी तिला घेऊन जाणार होते. स्पर्धेनंतर स्टँडवर भजी खायची, असं दोघांचं ठरलं होतं.

त्याच महिन्यातल्या एका मंगळवारी बाबाजी जेवणाआधी एका मूर्तीचे डोळे आखत होते. डावा डोळा झाला. ठिपकाही दिला. उजव्या डोळ्यासाठी हात उचलला आणि ते थांबले. श्वास सोडला, पण रेघ ओढली नाही. दोनदा तसं झालं. मग ते म्हणाले, "हात जड झालाय. जेवून येतो." त्यांनी मला पाण्यात बुडवलं आणि वाटीतच ठेवलं. मी वाट बघत राहिलो. पलीकडच्या पडवीत भांडी वाजली, मग खाट वाजली. थोड्या वेळाने शांतीची हाक आली, मग पुष्कळ पावलं आली. त्यानंतर कारखान्याचं दार बंद झालं.

मित्रांनो, कुंचला पाण्यात उभा राहिला की त्याच्याच भाराने केस तळाशी टेकतात आणि वाकतात. तासाभरात काढला तर सरळ होतात. मी त्या वाटीत चौथ्या दिवसापर्यंत उभा होतो. यात कोणाची चूक नव्हती. घरात सुतक होतं, काम बंद होतं, आणि मला बाहेर काढणारा माणूस गेला होता.

शुक्रवारी दुपारी दार किलकिलं झालं. मालू आत आली. तिने मला वाटीतून काढलं, फ्रॉकला टिपलं, आजोबा करत तसं ओठांत धरून टोक जुळवलं. मी सरळ झालो नाही. मला मुठीत धरून ती मूर्तींसमोर, तीन हातांवर, मांडी घालून बसली.

"तुम्हाला डोळे नव्हते," ती म्हणाली. "म्हणून सांगते."

आणि तिने सांगितलं. ती रडली नाही. एखाद्या पाहुण्याला रस्ता समजावून सांगावा, तसं तिने सांगितलं. काही तिच्याकडून सुटलं, तर "थांबा, त्याच्याआधी" म्हणून मागे जाऊन पुन्हा सांगितलं. शेवटी एक डोळा झालेल्या मूर्तीकडे वळून ती म्हणाली, "तुला अर्धं दिसलं असेल."

ती शनिवारी आली, रविवारी आली. रोज तेच सांगायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की तिचे शब्द आता रोज तेच आणि त्याच क्रमाने येत आहेत. एखादा शब्द ती गाळायची, आणि दुसऱ्या दिवशी तो गाळलेलाच राहायचा.

आठव्या दिवशी म्हात्रे बाई भेटायला आल्या. पडवीत घोंगडीवर बसल्या. बायजाबाईही होत्या. त्यांची जीभ आधीच मोकळी. त्या म्हणाल्या, "बाई, आता पोरीला आवाज कापवायला शिकवायला नको. आपोआप कापंल. पहिला नंबर ठेवलेलाच."

"असं बोलू नका हो," बाई म्हणाल्या. मग मालूला जवळ घेऊन त्यांनी सांगितलं, "तू यंदा नाही आलीस तरी चालेल बरं."

"मी येणार," मालू म्हणाली. "आजोबांना सांगितलंय. पण ती कविता नाय म्हणणार."

"का गं?"

"त्यातली मुलगी विचारते, आजी कुठे गेली. मला ठाऊक हाय आजोबा कुठं गेले. खाडीकडच्या स्मशानात नेलं, बाबानं अग्नी दिला. आणि चांदणी म्हणायची, तर ढग किती हायत! मी सात दिवस बघतेय, एक चांदणी दिसली नाय."

बाईंनी हळूच विचारलं, "मग तुला काय विचारायचंय?"

"मला विचारायचंय, दुसरा डोळा कोण आखणार?"

कमळाकर खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "दुसरा डोळा नाय आखायचा, मालू. जोडी एकाच हाताची लागते. सुतक फिटलं की पेणहून एक आखणीवाला येणाराय. तो पहिला खरवडून दोन्ही नवे आखील."

"खरवडून?"

"मग काय करू? माझा हात तिथं चालत नाय. एक डोळा तुझ्या आजोबांचा नि एक माझा, असा गणपती तिरळा दिसंल. लोक हसतील."

मालू उठली आणि कारखान्यात पळाली. बाई तिच्यामागून आल्या आणि दारातच थांबल्या. मालू मूर्तींसमोर बसून सांगत होती, रोजचंच, पहिल्यापासून. बाईंनी सगळं ऐकलं. मग त्या आत येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"मालू, हे तू रोज सांगतेस?"

"व्हय."

"माझी कविता मी मोठी झाल्यावर लिहिली," बाई म्हणाल्या. "लहान मुलं असं विचारत असतील असं मला वाटलं, म्हणून लिहिली. लोक रडले, मला वाटलं ती खरी आहे. तू रोह्याला हेच म्हण. जसं आत्ता म्हटलंस तसंच."

"पण ही कविता नाय. ही बातमी हाय."

"असू दे," बाई म्हणाल्या.

चौदाव्या दिवशी बाबाजींच्या जागी कमळाकर मालूला घेऊन निघाला. पेणच्या स्टँडवरून रोह्याची एसटी मिळाली. वडखळ, नागोठणे गेलं तरी मालू खिडकीकडेच तोंड करून बसली होती. दुसऱ्या दिवशी आखणीवाला येणार होता. मी मालूच्या मुठीत होतो. तिने मला बरोबर का घेतलं, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

रोह्याच्या शाळेचं सभागृह भरलेलं होतं. तिच्या आधी एका मुलाने फुलपाखराची कविता हातवारे करून म्हटली आणि खूप टाळ्या मिळवल्या. मग मालू उभी राहिली. तिने डोळे मोठे केले नाहीत, बोट वर केलं नाही. मला घट्ट धरून ती म्हणाली:

तुम्हाला डोळे नव्हते,
म्हणून सांगते.
मंगळवारी आजोबा वारले.
त्याआधी ते जेवले.
भात थोडा राहिला.
खाट वाजली, ते तुम्ही ऐकलं असेल.
मग खाट वाजली नाही.
चष्मा त्यांच्या कानांवर होता.
मी तो काढला.
तो गरम होता.
मी तो खूप वेळ हातात धरला,
मग तो माझ्या हाताएवढाच गरम झाला,
मग मला कळेना, किती त्यांचा आणि किती माझा.
तुझा एक डोळा झाला होता.
तुला अर्धं दिसलं असेल.
उरलेलं मी सांगितलं.
आता तू सांग,
दुसरा डोळा कोण आखणार?

ती थांबली. टाळ्या वाजल्या नाहीत. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, "बाळ, कविता संपली का?" मालू म्हणाली, "संपली नाय. पण माझ्याकडं एवढीच हाय." कोणी रडलंही नाही. फक्त पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने आपला चष्मा काढला, तो तळहातावर ठेवला आणि बराच वेळ परत घातला नाही. कमळाकर दाराशी उभा होता. त्याच्याकडे मला पाहवलं नाही.

बक्षीस फुलपाखराला मिळालं. स्टँडवर कमळाकरने न विचारता भजी घेतली. मालूने दोन खाल्ली आणि उरलेली कागदात बांधून घेतली.

"कोणाला?" त्याने विचारलं.

"आईला. आजोबा आईला न्यायचे."

एसटीत बसल्यावर खूप वेळाने कमळाकर म्हणाला, "तो चष्मा कुठं हाय?"

"माझ्या दप्तरात."

"मला दाखव घरी गेल्यावर."

घरी पोहोचले तेव्हा ऊन अजून कारखान्याच्या दारात होतं. कमळाकरने हातपाय धुतले, बाबाजींचा चष्मा घेतला, पुसला, आणि आपल्या नाकावर ठेवून बघितला. त्याला त्यातून काही दिसेना. तो त्याने शेजारी ठेवला. मग एका डोळ्याची मूर्ती खाली घेतली आणि मालूपुढे हात पसरला. मालूने मला त्याच्या हातावर ठेवलं.

"बस," तो म्हणाला. "तीन हातांवर."

मालू मांडी घालून बसली. शांती आणि बायजाबाई दारात आल्या. कमळाकरने श्वास सोडला. श्वास पूर्ण सुटून शरीर स्थिर झालं, आणि त्याने रेघ ओढली. मी जिवाच्या आकांताने सरळ राहण्याचा प्रयत्न केला. पण माझे केस वाकलेले होते. रेघ जिथे जायला हवी होती, तिथून केसभर डावीकडे गेली. बुबुळही तसंच सरकलं. कमळाकरला वाटलं, आपला हात चुकला. फक्त मला ठाऊक होतं, की तो हाताचा दोष नव्हता. ते त्या चार दिवसांच्या पाण्याचं होतं.

त्याने ठिपका दिला आणि विचारलं, "बघतोय का गो?"

मालूने मान तिरकी केली. खूप वेळ बघितलं.

"बघतोय. पण दोन्ही एका जागी नाय. आजोबांचा डोळा माझ्याकडं बघतोय. आणि हा..." तिने वळून बघितलं. "हा तू बसलायस तिकडं बघतोय."

कमळाकरने चष्मा उचलून मुठीत धरला आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा तो रडला.

दारातून बायजाबाई म्हणाल्या, "बरं झालं की गो! दोन्हीकडं लक्ष ठेवील, शाळेतल्या मास्तरासारखा." आणि त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी आखणीवाला आला, तेव्हा कमळाकरने त्याला बाकीच्या मूर्ती दिल्या. ही एक दिली नाही. ती म्हात्रे बाईंनी शाळेसाठी नेली. पाच दिवस मुलं तिच्यासमोर बसली आणि मास्तर बाजूला उभे राहिले, आणि दोघांनाही वाटलं, की गणपती आपल्याकडेच बघतो आहे. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचं तळ्यात विसर्जन झालं. शाडूची मूर्ती होती, विरघळली. बाबाजींचा शेवटचा डोळाही विरघळला. मालू काठावर उभी होती. तिने विचारलं, "आता तळ्यातलं सगळं दिसंल ना त्याला?" बाईंनी तिला आकाश दाखवलं नाही. त्या म्हणाल्या, "काय काय दिसेल, सांग बरं." आणि मालू सांगू लागली, मासे, शेवाळ, कोणाची तरी पडलेली घागर.

आता पुष्कळ वर्षं झाली. साचे रबराचे आले, रंग फवाऱ्याने मारतात. मधली बारा वर्षं मी एका पत्र्याच्या कंपासपेटीत खडूंच्या तुकड्यांबरोबर पडून होतो. मला वाटलं, विसरले. पण मालूने स्वतःची आखणी सुरू केली तेव्हा पेटी उघडली. आता तिचे केस पांढरे आहेत. रेघा ती नव्या कुंचल्यांनी ओढते. माझ्याकडे फक्त शेवटचा पांढरा ठिपका असतो. तेवढ्याला अकरा वाकडे केस पुरतात. तीन हातांवर आजही एक मूल बसलेलं असतं, आणि ते मूल काहीही विचारतं. मालू हात थांबवून ऐकते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी गेलं, आणि तुमच्या मनात एखादा विचित्र प्रश्न आला, तर लाजू नका. तो विचारा. तुम्ही मोठे झाल्यावर एखाद्या लहानग्याने विचारला, तर त्याला गप्प करू नका, आणि गोड उत्तर घाईने देऊ नका. प्रश्न पूर्ण ऐका. कविता लिहायची झाली, तर भात थोडा राहिला होता, हे लिहायला विसरू नका.

आणि काम झालं की कुंचला धुवा, टिपा, टोक जुळवा आणि आडवा ठेवा. तुम्हाला परत यायला जमलं नाही, तर दुसऱ्या कोणाला तरी त्याच्याने उरलेली रेघ ओढायची असते.